बाईंना आपलं कळत नाही

ओफाकिम, इस्राएल, ११ नोव्हेंबर १९९७

आई, इतकी वर्षं तुला एक ओळही लिहिली नाही, माफ कर. तू होतीस तेव्हा लिहायची गरज नव्हती, आणि गेल्यावर धीर झाला नाही. आज लिहितेय, कारण लाज वाटतेय आणि ती दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नाही.

माझ्या बालवाडीत ठाण्याहून आलेल्या, आपल्यासारख्याच मराठी ज्यू कुटुंबातली पाच वर्षांची मुलगी आहे. आईबाप कारखान्यात पाळीवर, पोर आजीच्या हाती. सुट्ट्यांनंतर आली तेव्हापासून माझ्यासमोर तिने तोंड उघडलेलं नाही. मी चित्रं दाखवून हिब्रूत विचारायची, हे काय, ते काय. ती माझ्या बांगड्यांकडे बघत राहायची. शेवटी अहवालात लिहिलं, बोलत नाही. तिला मतिमंद मुलांच्या वर्गात घालायचं का, हे उद्याच्या बैठकीत ठरणार आहे; आईबापांना रजा नाही, मुलीला घेऊन आजीच येणार आहेत.

गेल्या आठवड्यात आजी तिला न्यायला आल्या. "बाई, घरी हिचं तोंड मिटत नाही हो. डोकं उठवते माझं." मग मला निरखून बघत हसल्या. "तू आपल्यातलीच ना गं? नाक सांगतंय." माझी मदतनीस शेजारीच खुर्च्या आवरत होती. दर पालकसभेत मीच सांगते, घरी हिब्रू बोला, त्यातच मुलांचं भलं आहे. आता हिच्यादेखत मराठीत कशी बोलू? मी हिब्रूत म्हटलं, आईवडिलांना पाठवा. आजींचं हसू गेलं. "बरं, बाई," म्हणाल्या. त्यांच्या तोंडचं ते 'तू' मी गमावलं.

तेव्हापासून आपलं स्वयंपाकघर आठवतंय. शेजारची मोरोक्कन बाई कामावर गेली की तिच्या मुली तुझ्याकडे. तू त्यांच्या हातात कणकेचे गोळे देतेस आणि मराठीत बोलत सुटतेस. "लाट गं, नकाशा झाला तरी चालेल, पोटात कुणाला दिसतोय!" त्या त्यांच्या भाषेत काहीबाही सांगतात, खिदळतात. मी वहीतून डोकं वर काढून ओरडते, "आई, त्यांना काही कळत नाही!" तू पोळी उलटतेस. "त्यांची तक्रार नाही, मग तुझी का?" महिन्याभरात त्यातली धाकटी मीठ मागायला आली ती मराठीत. शिक्षणशास्त्राची पदवी घेताना मला ती एकदाही आठवली नाही.

आज सकाळी बाहुल्यांच्या कोपऱ्यापाशी कपाटाआड मी रंग काढत होते. पलीकडून खणखणीत मराठी ऐकू आलं. ती मुलगी बाहुलीला थोपटत होती. "रडू नको गं सोन्या. भूक लागली? आजी येईल आता. बोल तू, घाबरू नको. बाईंना आपलं कळत नाही."

हात लांबवला असता तर तिच्या डोक्याला लागला असता. "कळतं गं," एवढंच म्हणायचं होतं. मी रंगांचा डबा उचलला आणि दुसऱ्या दाराने बाहेर गेले.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. आणि खरं सांगू, मराठीत लिहिलं ते निव्वळ तुझ्यासाठीही नाही. उद्या जीभ वळेल का, ते बघत होते.

उद्या: बैठकीत आजींच्या शेजारी बसायचं आणि सगळ्यांसमोर मुलीशी मराठीत बोलायचं.