उतारावर कोण राहिलं

तीर्थपुरी,
१८ डिसेंबर

प्रिय अक्षता,

तुझं पुस्तक मी अजून पूर्ण वाचलेलं नाही. फोनवर तू दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी वाचल्याचं सांगितलं, भाषेचं कौतुकही केलं. प्रत्यक्षात एकशे बारा पानांपर्यंत गेले आणि थांबले. पुढच्या पानावर उताराची लढाई सुरू होते. तिथं खूण घालून पुस्तक कपाटात ठेवलं, त्यालाही आता वर्ष होत आलं. कपाट उघडलं की मुखपृष्ठावरून सुभानजीराव ढवळे माझ्याकडे बघतात आणि त्यांच्या घोड्याच्या पायाशी तुझं नाव असतं. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला बळ येईल.

इकडं सगळं ठीक आहे. मे महिन्यात मी निवृत्त झाले, हे तुला ठाऊकच आहे. रामरावांचे गुडघे दुखतात, तरी मोसंबीच्या बागेतली रोजची फेरी चुकवत नाहीत. शाळेच्या स्नेहसंमेलनाला तुला बोलवायचं ठरतंय. नवे मुख्याध्यापक मुद्दाम घरी आले आणि म्हणाले की बाई, तुम्ही शब्द टाका, तुमचं त्या ऐकतील. परवा वडीगोद्रीच्या एसटीत एका बाईनं मला जागा दिली आणि शेजारणीला सांगितलं, ह्या अक्षता मॅडमच्या बाई. एकतीस वर्षं या भागात पोरांना लोक 'साधनाबाईंच्या वर्गातला', 'साधनाबाईंच्या वर्गातली' म्हणून ओळखायचे. आता मी तुझी झाले. दोन थांब्यांपर्यंत मला अभिमान वाटला. तिसऱ्या थांब्याला त्या बाईचा राग आला, मग तुझा, आणि घरी पोचेपर्यंत तो उतरला नाही.

या भावनेला मत्सर म्हणतात. शिक्षिकेनं विद्यार्थिनीचा मत्सर करावा, ही किती लाजिरवाणी गोष्ट आहे ते मला कळतं. पण तू माझ्या जागी बसून बघ. लग्न होऊन मी इकडं आले त्या पहिल्याच वर्षी ढवळ्यांच्या गावी उतारावरची पूजा पाहिली. गोदावरी जिथं पायी ओलांडता येते त्या उतारावर त्या घराण्याची माणसं दरसाल एक पागोटं पाण्याला लावतात. औरंगजेबाच्या शेवटच्या वर्षांत मोगलांची एक मोठी तुकडी तिथून उतरणार होती. मागं गावंच्या गावं बायकापोरांसह पळत होती. सुभानजीरावांनी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत उतार अडवून धरला, ते तिथंच पडले, आणि त्यांचा घोडा खोगिरात अडकलेलं पागोटं घेऊन एकटा घरी आला. ही गोष्ट ऐकली तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि त्याच दिवशी ठरवलं, या माणसावर पुस्तक मी लिहिणार.

त्यानंतर तीसेक वर्षं मी टिपणंच काढत राहिले. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत गावोगाव फिरले, म्हाताऱ्यांच्या पायाशी बसले, नऊ वह्या भरल्या. लिहायला बसलं की वाटायचं, अजून एक गाव राहिलं. रामराव म्हणायचे, आता लिही की. मी म्हणायचे, इतकी घाई कशाची?

तू नववीत असताना माझ्या मागं लागलीस. दोन वेण्या, संपत गवंड्याची पोर, हातात शंभर पानी वही. मला बरं वाटलं. स्कूटीवर मागं बसवून तुला हिंडवलं, प्रश्न कसे विचारायचे ते शिकवलं. एकदा तू मला तुमच्या घरी नेलंस. तुझी आजी केशरबाई भाकरी थापत होत्या. सुभानजीरावांचं नाव निघालं तशा त्या हसल्या आणि म्हणाल्या की बाई, ढवळे न्हाई राह्यले उतारावर. आमचा येसनाक राह्यला, अकरा गडी घेऊन. विहाराच्या ओट्यावर त्या पोरांना हीच गोष्ट सांगायच्या, त्यांच्या सासूनं त्यांना सांगितलेली. तू भराभर लिहून घेत होतीस. परतताना मी तुला म्हणाले, हे वहीत ठेव, पण कागद सापडत नाही तोवर याला इतिहास म्हणायचं नाही. तू मान डोलावलीस. माझं म्हणणं चूक नव्हतं. पण पागोट्याच्या गोष्टीलाही कागद नव्हता, आणि तिच्याकडे मी तो कधी मागितला नाही. हे आता, या वयात दिसतंय.

पुढं तू छत्रपती संभाजीनगरला गेलीस, एम.ए. केलंस, पीएच.डी. केलीस. जालन्यात मोडी लिपीचा वर्ग निघाला तेव्हा आपण दोघींनी नाव घातलं, आठवतं? मला एक ओळ लावायला अर्धा तास लागायचा आणि तू बाजूला बसून अख्खं पान वाचून मोकळी व्हायचीस. वर हळू आवाजात मला अडलेलं अक्षर सांगायचीस, इतरांना कळू नये म्हणून. तुझ्या त्या जपण्याचाच मला जास्त राग यायचा. मग एक दिवस तुझा फोन आला की बाई, मी सुभानजीरावांवरच पुस्तक करायचं म्हणतेय, तुमची हरकत नाही ना? मी म्हणाले, माझी कसली हरकत, माझ्या वह्याही घेऊन जा. तू नेल्यास, झेरॉक्स काढल्यास, आठ दिवसांत नीट कव्हरं घालून परत आणून दिल्यास. तीन वर्षांत तुझं पुस्तक झालंही.

लिहिता लिहिता तू मला आणखी एक फोन केला होतास. मी शाळेतून नुकतीच आले होते. तू विचारलंस, "बाई, उताराबद्दल एखादा तरी कागद तुमच्या पाहण्यात आला का? आजीची गोष्ट सारखी डोक्यात येते."

मी म्हणाले, "न्हाई."

एवढंच. एरवी तुझ्याशी शुद्ध बोलणारी मी, पण त्या क्षणी तोंडातून घरचा शब्द निघाला. तू म्हणालीस, मग नाइलाज आहे. आणि पुस्तकात तू आजीची गोष्ट तळटीपेत घातलीस, दोन ओळींत.

तुझ्या प्रकाशन समारंभासाठी मी जुन्या जालन्यात जाऊन साडी घेतली. दुकानातल्या अजीजुन्निसा आपांनी विचारलं, कुणाचं लग्न आहे? मी म्हणाले, पुस्तकाचा कार्यक्रम आहे. त्यांनी विचारलं, तुमचं पुस्तक? मी हो म्हणाले. का म्हणाले, माहीत नाही. त्यांनी मनापासून मुबारकबाद दिली आणि मी ती घेतली. मग समारंभात मी पहिल्या रांगेत बसले, शेजारी तुझ्या आजी. तू बोलायला उभी राहिलीस. माझं नाव घेतलंस, लोकांना टाळ्या वाजवायला लावल्यास, मला उठून उभं राहावं लागलं. मग म्हणालीस, "माझी आजी वेगळी गोष्ट सांगायची. पण माझ्या बाईंनी शिकवलं की आपल्या माणसाची गोष्ट असली तरी पुरावा नसेल तर ती दंतकथाच."

पुन्हा टाळ्या पडल्या. केशरबाईही वाजवत होत्या, कारण सगळे वाजवत होते. नंतर त्यांनी पदर नीट केला आणि मला विचारलं की दंतकथा म्हंजी काय हो बाई? मी म्हणाले, जुनी गोष्ट. त्यांनी मान हलवली. पण त्यांना बरोबर कळलं होतं, कारण परतीच्या गाडीत जालना ते तीर्थपुरी त्यांनी तुझं पुस्तक मांडीवर पालथं घालून ठेवलं होतं.

मागच्या मंगळवारी त्या मला एसटी स्टँडवर भेटल्या. बाजाराचा दिवस होता. मी पोस्टात निघाले होते, पिशवीत एक जाड पाकीट होतं. पत्ता लिहिलेला, तिकिटं लावलेली. त्या बाकावर एकट्याच बसल्या होत्या. डोळ्यांना आता फार कमी दिसतं, आवाजावरून ओळखलं. मी शेजारी बसले, तब्येत विचारली. बोलता बोलता मी सहज म्हणाले, पोरं जमतात का अजून ओट्यावर? त्या म्हणाल्या, जमत्यात. मग म्हणाल्या, "पर येसनाकाची गोष्ट सांगायची सोडली मी. नात एवढी शिकली, ती खोटं कशाला लिहील? माझ्या सासूनं आन् मीच पोरांस्नी खोटं सांगितलं आसंल."

तक्रारीचा सूर बिलकुल नव्हता, अक्षता. तुझ्याबद्दल अभिमानच होता. त्यांची गाडी आली, मी त्यांना हात धरून चढवलं आणि पोस्टात न जाता घरी परत आले.

त्या पाकिटात काय होतं ते आता सांगते. तुझा तो फोन आला त्याच्या महिनाभर आधी ढवळ्यांच्या अंगदनं मला त्यांच्या घरातलं जुनं दप्तर चाळायला दिलं होतं. त्यात मोडीतला एक कागद मिळाला. पंधरा दिवस लागले मला तो लावायला, पण लागला. उताराच्या लढाईनंतर एकवीस वर्षांनी गावच्या पंचांपुढं दिलेली जबानी आहे ती, आणि देणारे खुद्द सुभानजी ढवळे. म्हातारे झालेले, जिवंत. त्यांनी सांगितलंय, "उतारावर आम्हांस धीर न पुरला. आम्ही घोडी घेऊन माघारे आलो. येसनाक महार व त्याजसोबत अकरा असामी राहिले. त्यांनी दिवसभर उतार राखिला. ते सर्व कामास आले. लोक आमचे नाव घेतात ते आम्हांस सोसवत नाही. त्याचे लेकरांस भुई द्यावी." खाली निशाणी म्हणून कट्यारीचं चित्र आहे. तू फोनवर विचारलंस तेव्हा तो कागद माझ्या समोर टेबलावर होता. ढवळ्यांची अब्रू सांभाळायची म्हणून मी तुला नाही म्हणाले नाही, तसं असतं तर निदान काही कारण तरी होतं. तुझ्याकडे सगळं होतं, आणि हा एक कागद फक्त माझ्याकडे होता, म्हणून नाही म्हणाले. तुला पुरस्कार मिळाला त्या आठवड्यात मी लेख लिहायला घेतला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. अकरा पानं सरसर उतरली. सुभानजीराव उतारावर पडलेच नाहीत, आणि अक्षताबाईंच्या गाजलेल्या पुस्तकाचा पायाच चुकला आहे, असा तो लेख. येसनाकाचं नाव त्यात एकदाच आलंय. तुझं चौदा वेळा. स्टँडवर केशरबाईंच्या शेजारी बसले होते तेव्हा तोच लेख घातलेलं, मासिकाच्या पत्त्याचं पाकीट माझ्या मांडीवर होतं. घरी येऊन मी ते बंबात घातलं. मग अंगदकडे गेले आणि त्याला जबानी वाचून दाखवली, कारण कागद त्याच्या घरचा. तो उठून बाहेर गेला. चार दिवस माझा फोन घेतला नाही. पाचव्या दिवशी स्वतः आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, फाडवत न्हाई आन् घरात ठेववत न्हाई. ज्यांचा हाय त्यांना द्या."

म्हणून हे पत्र. सोबत झेरॉक्स आहे आणि मी केलेलं बाळबोध लिप्यंतर. त्यात दोन ठिकाणी माझा वाचनदोष असेल, तू दुरुस्त करशील. दुसऱ्या आवृत्तीत ते प्रकरण तुला नव्यानं लिहावं लागेल आणि लोक विचारतील की इतका मोठा कागद आधी कसा सुटला. तेव्हा तो तुझ्या बाईंनी लपवला होता असं लिही, माझं पूर्ण नाव घालून. मोघम लिहू नकोस, मला जपू नकोस. पण ते नंतर. आधी सुट्टी काढून घरी ये. मूळ कागद माझ्याकडे ठेवलाय, तो घेऊन जा आणि संध्याकाळी पोरं जमली की ओट्यावर बसून आजीला वाचून दाखव. त्यांना दिसत नाही, पण ऐकू नीट येतं. दोनदा वाच, एकदा सुभानजीरावांच्या शब्दांत आणि एकदा आपल्या बोलीत. मीच जाऊन वाचायला हवं होतं. काल त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले, कारण वाचलं असतं तर हेही सांगावं लागलं असतं की तो कागद तीन वर्षं माझ्या कपाटात होता. तू बोलावलंस तर मी येईन आणि मागं पोरांच्यात बसेन. नको म्हणालीस तर घरीच थांबेन. आणि इतकं सगळं लिहून झाल्यावरही एक गोष्ट मनातून जात नाही, ती तुझ्यापासून लपवायची नाही असं ठरवलंय. त्या दिवशी ओट्यावर येसनाकाचं नाव मोठ्यानं घेणारा आवाज तुझा असेल, याचा मला आत्ताच हेवा वाटतोय.

तुझीच म्हणवून घ्यायचा हक्क आता तुझ्या हाती ठेवणारी,
साधनाबाई