स्टिअरिंगचा निर्णय रविवारी

४ जानेवारी, रविवार
गाडीखाली पुन्हा तेलाचा डाग. वळवताना स्टिअरिंग कण्हतं. मेकॅनिक म्हणाला, पॉवर स्टिअरिंगचा पंप गळतोय. एक तर रिपेअर करू, नाही तर काढून टाकू, मग नुसता हाताचा जोर. विचारलं, तुम्ही काय केलं असतं? म्हणाला, साहेब, तुम्ही म्हणाल ते. समजूतदार माणूस आहे.

ही म्हणाली, यात विचार कसला करायचा, रिपेअर करून टाका. उद्यापासून हिची नोकरी सुरू, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, लायब्ररीत. गाडी हीच नेणार. हिचं मनगट मोडलं होतं तेव्हापासून आत धातूची पट्टी आहे, जड काही ओढवत नाही. हे सगळं मला माहीत आहे. तरी असे निर्णय घाईत घ्यायचे नसतात. येत्या रविवारी नक्की.

५ जानेवारी
जाता जाता हिने मला ऑफिसला सोडलं. इतकी वर्षं मी हिला सोडायचो. बाजार, माहेर, दवाखाना. न्यायलाही जायचो. थोडा उशीर व्हायचा, पण जायचो.

कोपऱ्यावरच उतरलो. दारात सोडलं असतं तर सगळ्या ऑफिसने पाहिलं असतं. हिला सांगितलं, तेवढं चालणं तब्येतीला बरं.

संध्याकाळी भलतीच खुशीत होती. एका ट्रकवाल्याला हॉर्न मारून बाजूला घ्यायला लावलं म्हणे. जेवतानाही तेच, भांडी आवरतानाही तेच.

८ जानेवारी
नेटवर वाचलं. एका गृहस्थाने पॉवर स्टिअरिंग काढून टाकलं, आणि तेव्हा कुठे त्याला गाडी म्हणजे काय ते कळलं. शिवाय गळती कायमची बंद, कारण गळायला काही उरतच नाही. हे मला फार पटलं. दुसऱ्या एकाने लिहिलंय की खांद्यांचं वाटोळं झालं. पण हा दुसरा जरा रडका वाटला.

काढायचंच. हिला जड गेलं तर मी चालवीन. उद्यापासून रोज सकाळी जोर काढणार.

९ जानेवारी
जोर काढले. मोजले नाहीत. मोजण्यासारखे नव्हते.

११ जानेवारी, रविवार, दुपार
पंपाचा बेल्ट स्वतः काढला. आपल्या गाडीत तो वेगळा आहे, काढला तरी गाडी चालते, तेव्हा नुसती ट्रायल. बोट सोलवटलं. बेल्ट शेल्फवर ठेवलाय, शोभतो.

हिने गॅलरीतून विचारलं, उद्या मी कशी जाऊ? म्हटलं, मी आहे ना. सोडीन, आणीन, पूर्वीसारखं. हिने दोरीवरचे कपडे काढले. मग आत गेली. केवढी सोय झाली, हे लक्षात यायला वेळ लागतो.

१२ जानेवारी
हिला सोडायला निघालो. गाडी सरळ जाताना उत्तम. वळतानाच काय ती जड. फाटकाशी वॉचमन खिडकीतून हात घालून चाक ओढू लागला, तेव्हा बाहेर पडलो. मदत करायचा स्वभावच आहे त्याचा. पुढच्या चौकात ही उतरली, उशीर होतोय म्हणाली आणि बसमध्ये चढली. बस माझ्या पुढे निघून गेली. ट्रॅफिकला काही शिस्तच राहिली नाही.

१५ जानेवारी
ही आता बसनेच जाते. उभ्याने, दांडीला धरून. संध्याकाळी आली तेव्हा मनगट सुजलेलं. बर्फाची पिशवी धरून बसली होती. ट्रकवाल्याची गोष्ट आता सांगत नाही. मला वाईट वाटलं. खरंच, फार वाईट वाटलं. रिपेअर करू या, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण बेल्ट आपणच काढलेला. चार दिवसांत परत बसवायचा म्हणजे मेकॅनिक काय म्हणेल?

रविवारी बघू. माझा खांदा दुखतोय. थंडीने असेल.

१६ जानेवारी
हिला खूश करायचं म्हणून न सांगता न्यायला गेलो. लायब्ररीसमोरचा रस्ता अरुंद. गाडी उलट फिरवायला घेतली, ती आडवी झाली आणि आडवीच राहिली. खांद्यात अशी कळ आली की हात वर जाईना. तेवढ्यात लायब्ररीच्या स्टॉपवरून सुटलेली बस आली. ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. बसमध्ये खिडकीशी ही.

खाली उतरली. मी माझ्या बऱ्या हाताने, हिने हिच्या बऱ्या हाताने, असं मिळून चाक फिरवलं. बसमधल्या एका बाईने विचारलं, कोण हो हे? ही म्हणाली, ओळखीचे आहेत. आणि परत जाऊन बसमध्ये बसली.

मी लांबच्या रस्त्याने घरी आलो. त्यात वळणं कमी आहेत.

१७ जानेवारी
डॉक्टर म्हणाले, खांदा आखडलाय. सांगेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. हात गळ्यात.

घरी येतो तर मेकॅनिक खाली गाडीशी. हिनेच बोलावला. शेल्फवरचा बेल्टही नेऊन दिला होता. संध्याकाळच्या आत पंप दुरुस्त. मेकॅनिक म्हणाला, साहेबांच्याही मनात रिपेअरच होतं ना? म्हटलं, अर्थात. रविवारच्या आत निर्णय झाला, हे महत्त्वाचं.

१९ जानेवारी, सोमवार
डाव्या हाताने लिहितोय, अक्षराकडे बघायचं नाही.

सकाळी हिने ऑफिसला सोडलं. वळणावर स्टिअरिंग नुसत्या तळव्याने फिरवत होती. म्हटलं, हलकं झालंय. म्हणाली, होतंच. कोपरा आला तशी गाडी हळू केली. म्हटलं, दारापर्यंत ने. सीटबेल्टही तिनेच सोडवला, माझा हात पोचेना. सगळ्या ऑफिसने पाहिलं. कोणी काही बोललं नाही, तेही जरा लागलं.

संध्याकाळ
ऑफिस सुटलं. दारात उभा आहे. कधी येणार ते विचारायचं राहिलं. फोन करावासा वाटतो, पण ती चालवत असेल. बाजाराच्या कोपऱ्यावर पूर्वी ही अशीच उभी असायची, पिशव्या घेऊन. उभं राहणं एवढं लांबतं, हे कधी बोलली नव्हती. आता येईल.