शनिवारचं काढ

वसमत,
८ जानेवारी २००६

प्रिय प्रेमानंददादा,

सप्रेम जय भीम. पत्ता कोंडीबाकाकांनी दिला. चारमिनारजवळ पाट्या रंगवताना तू त्यांना दिसलास म्हणे. आम्ही बरे आहोत. हळद काढायला आली आहे. मी इथल्याच शाळेत शिकवते.

बाबांना एक राजवाडा बघायचा आहे. तुला हसू येईल. तीस वर्षं एसटी चालवली, शाळेच्या सहली घेऊन तीनदा कोल्हापूरच्या महालापर्यंत गेले, पण आत कधीच नाही. पोरं महाल बघायची आणि बाबा पुढच्या रस्त्यासाठी गाडीतच झोप काढायचे. आता रिटायर झाल्यावर आठवण आली, म्हणतात. मला शाळेतून तीनच दिवस सुट्टी आहे, म्हणजे एकच महाल होईल. बाबा म्हणतात कोल्हापूर, मी म्हणते हैदराबादचा चौमहल्ला. नांदेडहून गाडीत बसलं की सकाळी पोचतो.

दादा, आठवण आली म्हणून नाही. बाबांना काचबिंदू आहे. नांदेडचे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बघायचं ते उन्हाळ्याच्या आत बघून घ्या."

महिनाभर घरात हाच वाद. हैदराबाद म्हटलं की बाबा ताटावरून उठतात. परवा ओरडलेच, "त्या गावाचं नाव काहून काढून राहिली गं? मी कोणाच्या दारात जाणार न्हाई!" मी म्हटलं, महालाच्या दारात चला. तर पाण्याचा तांब्या भिंतीवर आदळला.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. तू कॉलेज सोडून पेंटरच्या हाताखाली लागलास, हे बाबांना मायनं सांगितलं असं तू समजतोस. जाताना तू तिला म्हणालास, "तू माझी माय न्हाई." पण बाबांना सांगितलं होतं ते मी. नांदेडला तू परांचीवर चढून पाटी रंगवताना मला दिसलास. तुझ्या शिक्षणाला पैसे पुरावेत म्हणून मी बारावीनंतर वर्षभर घरी बसले होते. रागात बोलून गेले. बाबांनी भर गल्लीत तुला पट्ट्यानं मारलं तेव्हा मी दाराआड होते.

मायला सगळं माहीत होतं. मी रडत तिच्याकडे गेले तर म्हणाली, "त्याचा राग माझ्यावरच राहू दे. तुला भाऊ लागंल पुढं." आठ वर्षं ती गप्प आहे. तुझं नाव निघालं की चुलीत फुंकर घालत बसते, विस्तव असला तरी.

काल बाबांनी मला कोल्हापूरचं तिकीट काढायला सांगितलं. माय दळण निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "तुमी महाल बघा. मी हैदराबादला जाते, माझं पोरगं बघते. एकटी जाईन."

मायला बाबांसमोर असं बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, आता हात उचलतात. ते उठले, दाराच्या चौकटीला खांदा धडकला. मी धरायला गेले तर हात झटकला. मग तिकडंच तोंड करून म्हणाले, "तो चौमहल्ला शुक्रवारी बंद राहते. शनिवारचं काढ."

आम्ही कोणीच त्यांना वार सांगितला नव्हता. कधीतरी त्यांनी स्वतःच विचारून ठेवला होता.

शनिवारी, एकवीस तारखेला, सकाळी अकरा वाजता आम्ही फाटकाशी असू. तू येशील असं मी घरात कोणालाच सांगितलेलं नाही. माझ्याशी बोलू नकोस, चालेल. मायशी बोल.

आणि आलास तर कडेला उभा राहू नकोस. बाबांना कडेचं दिसत नाही. अगदी समोर ये.

'तुझी' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच,

साक्षी