अर्जातले बाबा

प्रिय दादा,

'प्रिय' हाताच्या सवयीने लिहिलं गेलंय, फार मनावर घेऊ नकोस. फोन का केला नाही, ते शेवटी सांगते.

पोरांचे कॉलेजचे अर्ज सजवून देणं हा तुझा धंदाच, म्हणून माझाही अर्ज तूच भरलास. अभ्यासाव्यतिरिक्त संगीतात काय करता, या रकान्यात मी खरं तेच लिहिलं होतं: बासरी शिकते, शाळेच्या गायनवृंदात मागच्या रांगेत उभी राहते. एवढ्यावर कुत्रंही विचारणार नाही, म्हणालास. त्या जागी तू काय ठोकून दिलंस, ते आज कॉलेजचं पत्र आल्यावर कळलं. 'वाचा गेलेल्या रुग्णांसाठी संगीतोपचार उपक्रम. संस्थापक आणि प्रमुख.'

अरे, रुग्ण म्हणजे आपले बाबा! उपक्रम कसला डोंबलाचा? अर्धांगाचा झटका आल्यावर त्यांना साधं 'पाणी' म्हणता येईना, आई मोरीत नळ सोडून रडायची. एकदा त्यांची हनुवटी पुसताना मी एक गाणं गुणगुणत होते, लहानपणी आपल्याला आंघोळ घालताना ते म्हणायचे तेच, तर शेवटची ओळ त्यांनी शब्दांसकट पुरी केली. बोलणं जातं, गाणं कधीकधी उरतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तेव्हापासून चष्मा, उशी, लघवी, सगळं त्याच चालीत मागायला शिकवलं. हो, लघवीसुद्धा. तेही लिहायचंस! कधी अडले की ते चमचा भिरकावतात, मी त्यांच्यावर ओरडते, मग दोघंही तोंड फुगवून बसतो. प्रमुख म्हणे!

आणि या सगळ्यात तू कुठे होतास? एकदा आलास, तेही मांडीवर लॅपटॉप घेऊन. आयत्या बिळावर नागोबा! भयंकर राग आलाय मला तुझा.

आता कॉलेजला त्या उपक्रमाचं चित्रण हवंय. तुझा लगेच निरोप, बाबांना चांगला शर्ट घाल आणि दोन मिनिटांचा व्हिडिओ काढ. प्रवेश मलाही हवाच होता, म्हणून मीही निर्लज्जपणे त्यांचा शर्ट बदलला. त्यांच्यासमोर फोन धरला आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. कारण त्यांच्या तोंडासमोर फोन धरला जातो तो फक्त तुझा कॉल आला की. त्यांनी त्याच चालीत, कुठेही न अडखळता, तुझं घरातलं नाव घेतलं आणि विचारलं, कधी येणार? हे मी शिकवलेलं नव्हतं, दादा. ती ओळ अर्जातून काढा, असं मी कॉलेजला लिहून टाकलंय. प्रवेश गेला तर गेला. तुला मात्र फोन करता येत नाही, म्हणून हे पत्र. फोन बाबांनी दोन्ही हातांत घट्ट धरलाय आणि मला देत नाहीत. तू अजून उत्तर दिलं नाहीस ना.

तुझीच (दुसरा भाऊ नाही म्हणून),
ठमी