दारातला शब्द

बेलव्ह्यू

ती. आईस,
गळ्यात पडून नमस्कार.

आधी बातमी. मालिकेचा दुसरा सीझन होतोय आणि त्यात मी आहे! बिस्किटाच्या जाहिरातीतून इथवर आले बघ.

खरं तर माझं पात्र, मीरा, फ्रीमाँटचं घर कायमचं सोडणार होती. म्हणजे माझं काम संपलं, व्हिसा संपला. तुला बोलले नाही. बाबांनी लगेच परत येऊन फार्मसी करण्याचा विषय काढला असता.

शेवटच्या सीनमध्ये दारात उभं राहून मीराच्या आईला मराठीत ‘जाते’ म्हणायचं होतं. अमेरिकन उच्चार एकही चुकला नाही, पण तोंडून दर वेळी ‘येते’च निघायचं. लेस्टरच्या आपल्या दारातून मागे बोलावून बोलावून तूच वळण लावलंयस ना!

डायरेक्टरबाईंनी वैतागून विचारलं, फरक काय? म्हटलं, ‘जाते’ म्हणणारी परत येत नाही, असं आई म्हणते. त्यांनी ते तसंच लेखकांच्या कानावर घातलं. नंतर लेखकांनी शेवटच बदलला. मीरा परत येणार.

सुमेधामावशी तिच्या घरी मला खाऊ घालून जाड करतेय. तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग. बाबा अजून गप्प गप्प असतात का?

नाताळचं तिकीट काढलंय.

येते.

हिमानी