सुनीताचं बाळ तिच्या मांडीवर

मंगळवार, ३ फेब्रुवारी. पातूर

माझ्या वॉर्डातल्या सुनीताले अकोल्यात माहेरी पोरगी झाली. फोटो आला. बाळ तिथल्या आशाताईच्या मांडीवर. सात महिने तिची आशा सेविका मी होती. रक्तवाढीची गोळी लिंबूपाण्यासंगं, समोर उभी राहून खाऊ घातली. अन् पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मांडी तिथल्या ताईची.

फोन केला तं सुनीता म्हणे, "ताई, इथल्या ताई लय जीव लावतात."

मग मी काय लावला होता? जळून राहिली मी, खरं हाय.

मागच्या महिन्यात अमरावतीले दिलेली वंदना इथं माहेरी बाळंत झाली. तिचं बाळ माझ्या मांडीवर, तोही फोटो हाय. तिच्या सासरच्या आशाताईनं तो दोनदा मागितला.

मी अजून धाडला नाही.