कण्हेरीचे कुंपण, पतंगांची पेटी आणि माझे दोन अंगठे

मी, खाली अंगठा करणारी, जन्मभर रफूकाम करून पोट भरलेली बाई, घरात आई, नातीची आजी आणि गल्लीत ‘पतंगवाली म्हातारी’ म्हणून ओळखली जाणारी, आज हे मृत्युपत्र सांगते आहे आणि वकीलबाई ते लिहून घेत आहेत. साक्षीला वॉर्डातली परिचारिका आहे आणि मला भेटायला आलेला आमचा सुतार आहे. मला अक्षर येत नाही. अक्कल मात्र ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी सकाळीच मला नाव, वार आणि काही खाल्ले का ते विचारून तशी खात्री केली आहे. दडपण छातीत आहे, डोक्यावर कोणाचेही नाही. दुपारी माझे हृदय उघडणार आहेत. त्याआधी हा कागद पुरा व्हायला हवा, कारण माझा मुलगा सूनबाईला घेऊन खाली औषधे आणायला गेला आहे, आणि त्याच्या पिशवीत दुसरा एक कागद आहे.

१. तो कागद कसला, हे आधी सांगते. आमच्या घरामागे मागल्या गल्लीपर्यंत जागेची एक पट्टी आहे, तिच्या कडेने कण्हेरीचे कुंपण. शेजारच्या गॅरेजवाल्याला ती गाड्या उभ्या करायला हवी आहे. कुंपण उपटायचे, फरशी घालायची आणि खांबावर भला मोठा दिवा लावायचा. मुलाने मला न विचारता त्याला शब्द दिला. जागा माझ्या नावावर, म्हणून अंगठा माझा लागतो. काल याच खाटेशी बसून तो म्हणाला, “आई, एवढासा तर कागद आहे. तू अंगठा टेकव, बाकी मी बघतो.” मी म्हटले, “मग बाकी उरतं काय रे?” त्याने कागद पिशवीत परत घातला, पण आज घरी ठेवून आला नाही. भूल दिलेल्या माणसाला अंगठा असतो, शुद्ध नसते. हे मी त्याला बोलले नाही. इथे लिहवून ठेवते.

२. मुलगा वाईट नाही, उतावळा आहे. दिवस भरायच्या आधीच जन्मला, तेव्हापासून त्याला कुठे धीर नाही. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गळकी पडवी, त्याला द्यावे. गळतीसुद्धा त्यालाच. इतकी वर्षे “उद्या बघतो” म्हणत आला. स्वतःच्या मालकीची झाल्यावर तरी बघेल.

३. बँकेत जे असेल त्यातून आधी हॉस्पिटल, उरेल ते नातीला. ती परगावी नोकरीला आहे. माझी कात्री, सुयांची डबी आणि अंगुस्तानही तिलाच. ती शिवायला बसणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी अंगुस्तान एकदा बोटात घालून बघावे.

४. पतंगांची पेटी. ही नातीने कॉलेजात असताना आणली. लाकडी खोके, वर दिवा, दिव्याखाली नरसाळे आणि आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. संध्याकाळी दिवा लावला की पतंग, म्हणजे रात्रीची ती पाखरे, येतात, नरसाळ्यातून आत उतरतात आणि पुठ्ठ्याच्या खळग्यांत निजून राहतात. सकाळी झाकण काढायचे, बघायचे आणि सोडून द्यायचे. मी विचारले, “आणि टाचणी कधी टोचायची?” नात म्हणाली, “आजी, मारायचं नाही गं. नुसतं बघायचं.” मी म्हटले, “मग पाहुण्यांची खोली म्हण की हिला.”

लोक हसले. रफूवाली बाई आणि पतंग बोलावते! कपडे खाणारी कसर त्यांच्याच गोतातली ना? असेल. पण नवरा गेला तेव्हा माझ्या दारात कोण आले? भोके आली. कसरीने लोकांच्या लोकरी खाल्ल्या म्हणून माझी चूल पेटली. त्या कुळाशी मी वैर कशाला धरू?

आणि काय एकेकाचे कापड! पुस्तकातली नावे नात सांगते, मी विसरते. मी माझी ठेवली आहेत. कण्हेरीची पाने खाऊन वाढलेल्या अळीचा होतो तो मोठा, हिरव्या मखमलीवर गुलाबी झाक असलेला, तो ‘जावई’. क्वचित येतो आणि सगळ्यांना उठून बघावे लागते. राखाडी, भिंतीवर बसला की भिंतच होणारा, तो ‘रफू’. इतके सफाईचे काम मला कधी जमले नाही, हे गिऱ्हाइकांना आता कळले तरी हरकत नाही.

पेटी ज्याच्याकडे जाईल त्याने हे पाळावे. दिवा रोज लावू नये. त्यांनाही खाणेपिणे, संसार असतो, रोज अडवून ठेवले तर तो करणार कधी? ऊन पेटीवर यायच्या आत ती उघडावी, नाहीतर आत भट्टी होते. पुठ्ठा अलगद उचलून कुंपणाच्या आत, पानांआड टेकवावा. ज्याचा तो उठून जाईल. जागा बदलत राहावी, कारण कोतवाल म्हणतात तो काळा, दुभंगल्या शेपटीचा पक्षी खाणावळ समजून तारेवर वाट बघत बसतो. आणि पंखाला बोट लावू नये. ती भुकटी एकदा झडली की तिचे रफू होत नाही.

५. सूनबाई. हिच्याशी माझे कधी जमले नाही, आणि जमल्याचे सोंग आम्ही दोघींनीही केले नाही. हिने माझ्या कपाटात, ट्रंकेत, उशीखालीसुद्धा डांबराच्या गोळ्या ठेवल्या. रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हिचा टोमणा: “आई, तुमचे पाहुणे उठले का? चहा टाकू त्यांना?” मी म्हणायची, “टाक, पण तुझ्या हातचा नको, बिचारे आजारी पडतील.” हिला रफू शिकवायला बसले होते तर हिने हत्तीची झूल शिवावी तसे टाके घातले. ते मी चार बायकांत बोलले. ती विसरली नाही.

आता परवाची सकाळ. मी पेटीशी वाकले आणि छातीत कळ आली. गॅरेजच्या गाड्यांनी पुढची वाट अडवलेली, म्हणून अँब्युलन्स मागल्या गल्लीत आणली. पेटी उघडायची राहिली होती, ऊन तिच्यावर चढत होते. मी बोटाने दाखवले. मुलगा म्हणाला, “आई, जाऊ दे ना ती पेटी मसणात!” सूनबाईने माझ्याबरोबर चढायचे होते. ती चढली नाही. “तुम्ही व्हा पुढे, मी आलेच,” एवढेच म्हणाली. दार लागता लागता मी पाहिले: हिने पेटीवर छत्री धरली होती, दुसऱ्या हाताने पुठ्ठा अलगद उचलून पानांआड टेकवत होती, आणि तोंडाने कोतवालाला माझ्याच शिव्या घालत होती. माझ्याच, शब्दन् शब्द. म्हणजे इतकी वर्षे ती त्या खिडकीतून नुसते टोमणे मारत नव्हती.

म्हणून पेटी, कुंपण आणि मागची ती सगळी पट्टी मी सूनबाईला देते. माझ्या माघारी ती तिच्या एकटीच्या नावावर व्हावी. नातीने रुसू नये.

६. गॅरेजवाल्याने तो दिवा स्वतःच्या जागेत लावला, तर त्यावर बसवायची पत्र्याची एक टोपी त्याला माझ्यातर्फे द्यावी. उजेड त्याच्या गाड्यांवर पडावा, माझ्या पाहुण्यांच्या डोळ्यांत नको.

७. माझे अंगठे. या कागदावर ठसा दिला की माझ्या दोन्ही अंगठ्यांवर कापडी पट्टी बांधून ती सुईदोऱ्याने शिवावी. बोटाला लावायचे ते नाडीचे यंत्र दुसऱ्या बोटाला चालते, असे परिचारिका म्हणते. डावा मी स्वतः शिवीन. माझी वीण उसवून पुन्हा तशीच घालणारा कोणी असेल तर त्याने खुशाल माझी जागा विकावी. यापैकी एकही शिवण उसवलेली दिसली तर दुसऱ्या कोणत्याही कागदावरचा आजचा ठसा माझा मानू नये. उजवा मात्र मला एकटीला

येथे मुलगा आणि सूनबाई वर आले. वकीलबाईंचा हात थांबला. मी म्हटले, “लिहा, लिहा. घरचीच माणसं आहेत.”

“आई, हे काय चाललंय?”

“मरणाची तयारी. बस. तुझा कागद काढ आणि मोठ्यानं वाच, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाऊ दे.”

त्याने कागद काढला. वाचला नाही. “शब्द दिलाय गं मी त्याला.”

“शब्द तुझा होता, दिलास. जागा माझी आहे.”

मी वकीलबाईंना पाचवे कलम वाचायला सांगितले. त्यांनी वाचले. सूनबाई पिशवी धरून उभीच राहिली. मुलगा तिला म्हणाला, “तू सांग ना आईला, आपल्याला नकोत ती झुडपं.” तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. माझ्या छातीत पुन्हा धडधडू लागले, परिचारिका पुढे आली. मी तिला हाताने थांबवले आणि उरलेले कलम सांगून संपवले: उजवा मला एकटीला शिवता येणार नाही, तो शिवायला माणूस हवा.

अंगठा : (शाईचा ठसा)

ठशानंतर, साक्षीदारांच्या सह्यांआधी, एवढे आणखी लिहावे. डावा मी शिवला. सूनबाईने पिशवी खाली ठेवली, नवऱ्याकडे न बघता परिचारिकेकडून सुई मागून घेतली आणि माझा उजवा हात मांडीवर ओढला. म्हणाली, “आई, हलू नका, टोचेल.” मी म्हटले, “हत्तीला कुठं टोचतं?” टाके इतके वाकडे आहेत की जगात कोणाच्या बापाला त्यांची नक्कल करता येणार नाही. मुलाने कागदाची घडी खिशात घातली आहे. फाडलेला नाही, हेही लिहा.

शुद्धीवर आले तर दोन्ही शिवणी मीच उसवीन. न आले तर सूनबाईने उसवाव्यात, घरी जाऊन दिवा लावावा आणि सकाळी ऊन चढायच्या आत उठावे.

साक्षीदार :
१. सही, परिचारिका (दोन्ही शिवणी माझ्यासमोर झाल्या.)
२. सही, सुतार (पेटीची फळी बदलून दिली होती. शिवणी मीही पाहिल्या.)

लिहिणार : सही, वकीलबाई. सांगणारीस शब्दन् शब्द वाचून दाखवले. तिने दोनदा हसून आणि एकदा डोळे पुसून मान्य केले.

स्थळ : स्त्रियांचा वॉर्ड, खिडकीकडची खाट
दिनांक : ९ ऑक्टोबर २०१८, मंगळवार, स्ट्रेचर दारात उभे असताना